जाळीबाहेर उभा पालक

दुष्काळाच्या त्या वर्षी लातुरात हिरवळ दिसायची ती फुटसालच्या मैदानावर, तीही प्लास्टिकची. फुटसाल म्हणजे पाच-पाच जणांचा, छोट्या मैदानातला फुटबॉल. गावात दोन क्लास होते, दोन्हीकडे एक दिवस खेळून बघता यायचं, आणि लेकीला कुठे घालावं ते ठरत नव्हतं. पहिल्या क्लासात कपाटभर चषक होते. मी तेच बघत बसले.

शेजारी जाळीला बोटं अडकवून एक गृहस्थ उभे होते. कपाळावर विभूती, काखेत पाण्याच्या दोन बाटल्या. मुलीसाठी क्लास बघायला उदगीरहून बसने आले होते. चषकांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“एवढं काय बघताय?” मी विचारलं.

“चांगलं खेळणाऱ्या पोरी कुठंबी शिकतेत, ताई. जिला जमत न्हाई तिच्याशी सर कसं बोलतेत, ते बघायलोय.”

त्यांनी निळ्या टी-शर्टातली मुलगी दाखवली. तिच्याकडून चेंडू पुन्हा सुटला. सर हसले आणि तिला बाजूला उभं करून त्यांनी दुसरीला बोलावलं.

“ती माझीच,” मी म्हणाले.

ते ओशाळले नाहीत. एक बाटली माझ्या हातात देत म्हणाले, “मग तिला पाणी पाजा अन् दुसरा क्लास बघा. आमचीबी तसलीच हाय.”

दुसऱ्या क्लासातही लेकीचा चेंडू सुटला. तिथल्या बाई तिच्यापाशी उकिडव्या बसल्या, काहीतरी बोलल्या आणि त्यांनी चेंडू पुन्हा हळूच तिच्याकडे ढकलला. मी फॉर्म मागून घेतला.

ते गृहस्थ परत भेटले नाहीत. त्यांची मुलगी कुठे खेळते, ठाऊक नाही. पण तिच्याशी कुणीतरी नीट बोलत असणार, एवढी खात्री आहे.