खंडेनवमीची तलवार

धारगळच्या आमच्या घरात देवखोलीतल्या खुंटीवर एक तलवार टांगलेली असे. पणजोबा पोर्तुगीज फौजेत सार्जंट होते, त्यांची. पूर आलेल्या नदीतून त्यांनी एका गोऱ्या कप्तानाला खांद्यावरून पलीकडे नेलं आणि त्याने खूश होऊन ती दिली, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खंडेनवमीला ती म्यानातून काढायची, खोबरेल लावून पुसायची, झेंडूची माळ घालून पुजायची. हे काम घरच्या पुरुषाचं. आईने जन्मभर तिला बोट लावलं नाही.

आई गेल्यावर आम्ही तिघं उरलो. बाबा निवृत्त मराठी मास्तर, मी डिचोलीच्या एका शाळेत शिवण शिकवायची, आणि धाकटा भाऊ मुरगावला गोदीत. तो शनिवारी घरी यायचा. बाबांचे हात कापू लागल्यापासून तलवार तोच काढायचा.

गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं त्या वर्षी तो कोकणीच्या मोर्चांना जाऊ लागला आणि बाबा मराठीच्या सभांना. एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "माझ्या शाळेची पाटी पुसूक निघालंस तू?"

"बाबा, घरात आपण बोलतो तीच भाषा मागतो मी. दुसरी खंयची नाय."

"मगे ह्या घरात पाय ठेव नको."

भांडण भाषेवरून, आणि दोघे भांडले एकाच बोलीत. भाऊ भरल्या ताटावरून उठला. मी बसथांब्यापर्यंत मागे गेले. त्याने वळून पाहिलं नाही.

त्या खंडेनवमीला बाबा अंघोळ करून दुपारच्या बसपर्यंत सोप्यावर बसून राहिले. बस आली, गेली. मग त्यांनी म्यानावरच माळ घातली. पुढच्या वर्षीही तसंच. मधल्या काळात गोवा राज्य झाल्याचं रेडिओवर ऐकलं, शेजारी पेढे वाटत आले. बाबांनी पेढा घेतला, खाल्ला नाही.

तिसऱ्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाये, तूच काड ती."

"मी?"

"तू नाय तर कोण गो?"

दोन वर्षांच्या गंजाने पातं अडकलं होतं. रॉकेल घालघालून मी ते ओढत होते, आणि बाबा पडल्या पडल्या बोलू लागले. "कप्तान नाय आणि नदीय नाय. फौजेला आफ्रिकेत धाडणार म्हणून माझे आजोबा फौजेतली तलवार घरात ठेवून पळाले. बारा वर्षं सावंतवाडीच्या बाजूला लपून होते. माझी आजी हंय एकटी. शिपाई झडतीक येत, आणि ती तलवार गवताच्या गंजीत पुरून फुडे बसान भात कांडी. सांभाळली तिने. आजोबांनी ती कधी चालवली नाय."

"मग एवढी वर्षं कप्तानाची गोष्ट?"

"लाज वाटे," बाबा म्हणाले.

पातं एकदम सुटलं. मी ते पुसलं, बाबांच्या समोर पाटावर ठेवलं. त्यांनी पडूनच हात जोडले.

दिवाळीच्या आधी ते गेले. भाऊ आला, त्याने सगळे विधी केले. बाराव्या दिवशी मी तलवार त्याच्यापुढे ठेवली आणि खरी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"माका कधी सांगूक नाय त्यांनी."

"मलाही शेवटीच सांगितलं."

"तूच ठेव, ताई," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून बॅग भरू लागला. मी त्याला राहा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आता तो चतुर्थीला बायकामुलांना घेऊन येतो, दोन दिवस राहतो. खंडेनवमीला रजा मिळत नाही. त्या दिवशी मी तलवार पुसते, पुजते आणि नैवेद्याला एका माणसाला पुरेल एवढी खीर करते. तरी ती दुसऱ्या दिवसापर्यंत उरतेच.