डायनिंग टेबलावरचं दौलताबाद

चार रिकामी डोकी एका टेबलाभोवती बसली की नियम कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात. आमचंही तेच झालं!

आम्ही म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक साळवे सर, टेलर इरफानभाई, शेंद्र्याच्या कंपनीत मापं तपासणारा करमाडचा पंडित आणि मी. रविवारी दुपारी सरांच्या डायनिंग टेबलावर पुठ्ठ्याचा दौलताबाद किल्ला उभा राहतो. बोटाएवढे शिपाई, फासे आणि अंतर मोजायला इरफानभाईंची टेप. बाहेर मिळणारे नियम सगळे परदेशी लढायांचे, म्हणून सर स्वतःच लिहितात. आणि स्वतःच्याच नियमांनी हरतात! "एकदा तरी किल्ला घेणारच," हे वाक्य दर रविवारी ठरलेलं. बिचाऱ्यांची फार इच्छा आहे हो.

साळवे वहिनींचा नियम एकच. पाचला त्यांच्या शिकवणीची मुलं येतात, तेव्हा टेबल रिकामं हवं. पाचपर्यंत किल्ला पडला नाही, तर तो राखणारा जिंकला.

*

शिपाई एका डावात किती चढेल, हे ठरवायला आम्ही खऱ्या दौलताबादला गेलो. सर स्वतः चढावर पळाले आणि पहिल्याच वळणावर मटकन बसले. इरफानभाई म्हणाले, "सर, ऐसा चले तो फौज पेन्शन लेकोच ऊपर पहुँचती!"

सरांनी तिथंच नियम केला. एक डाव चढाई, एक डाव विश्रांती. पुढच्या रविवारी त्यांची अख्खी फौज पायऱ्यांवर दम खात बसली आणि वरून मी निवांत बाण सोडले.

*

पंडित एकदा कंपनीतल्या सवयीनं बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन आला. सरांची तोफ भिंतीवर डागायच्या बेतात होती.

"सर, दीड मिलिमीटर लांब हाय. नाय पोचत. रिजेक्ट!"

"अरे, ती तोफ आहे, बेअरिंग नाही!"

"माप ते माप, सर."

*

मग हत्तीचा नियम आला. जखमी हत्ती कुठं पळेल, ते फासा ठरवणार. सरांना तो इतका आवडला, की त्यांनी लगेच दोन हत्ती उतरवले. दोघेही जखमी होऊन सरांच्याच तंबूवरून गेले!

*

एकदा माझ्या हातून चहा सांडला आणि सरांचे घोडेस्वार आडवे झाले.

"ते उभे करायचे ना?" सरांनी विचारलं.

"नाय सर, वाहून गेले की! खंदकात पाणी असतंयच ना?" पंडित म्हणाला.

सर लई भडकले. नियम झाला, चहा आला की युद्धबंदी. सगळ्यांचे कप रिकामे होईपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही.

*

परवा मात्र नवल घडलं. हत्ती सरळ चालले, तोफ पोचली, पंडितनं माप पास केलं. सरांचा सरदार दरवाज्यात उभा. आता फासा काहीही पडो, किल्ला सरांचाच! पाचला थोडाच वेळ होता. सरांनी फासा उचलला.

किल्ला राखणाऱ्या इरफानभाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडं.

"भाभी, चाय मिलेगी क्या?"

चहा तयारच होता. सरांनी नियमाप्रमाणे फासा खाली ठेवला आणि जीभ भाजत कप एका घोटात संपवला. आम्हीही संपवला. इरफानभाईंनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत बसले.

"इरफानभाई, प्या की!"

"गरम है, सर."

शेवटी बशी रिकामी झाली. पाचला अजून दोन मिनिटं होती. सरांनी फाशाकडे हात नेला.

वहिनी किटली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"इरफानभाई, अजून अर्धा कप देऊ ना?"