जावयाचं आडनाव चालतं

त्यानं माझं आडनाव वाचलं अन् पेनाला टोपण लावलं.

एजंटाच्या ऑफिसात बसलो होतो. माझ्या घरावरची खोली भाड्यानं द्यायची होती, त्याचा करार. भाडेकरू बँकेतला साहेब, बदलीवर सोलापूरला आलेला. दोनदा खोली बघून गेलेला. माझ्या हातचा चहा प्यालेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा जन्म टॉवेल विणण्यात गेला, म्हणून गल्लीत सगळे मला टॉवेलवाले काका म्हणतात. तोही काकाच म्हणायचा. पूर्ण नाव त्यानं करारावरच पहिल्यांदा वाचलं.

"मिसेसला विचारून कळवतो," म्हणाला. माझ्याकडं न बघता. गेला.

एजंट हसला. "तरी मी सांगत होतो, काका. करार जावयाच्या नावानं करा. जावयाचं आडनाव चालतं की."

माझ्या पोरीनं जातीबाहेर लग्न केलं. त्याचा ह्याला असा उपयोग दिसला.

"घर माझं अन् बायकोचं. सही जावयाची?"

"कागदच हाय ओ. कोण बघतंय?"

समोर साहेबानं भरलेला फॉर्म पडला होता. एजंटाचा छापील. नाव, नोकरी, आधी कुठं राहत होता. अन् मधी एक रकाना, जात. तिथं साहेबाचं अक्षर लई सुबक.

बायको जाऊन अजून वर्ष झालं न्हाई. ही खोली तिच्याच हट्टाची. बिड्या वळून तिची बोटं वाकडी झालेली, तरी बांधकामावर पाणी तीच मारायची. लग्न झालं तवा आमी दोघं भाड्याची खोली शोधत हिंडलो होतो. दारात उभं करून पहिला सवाल आडनावाचा. मग दार बंद. एकदा परत येताना ती म्हणाली, "आपलं घर झालं तर आपण कुणाला असं इचारायचं न्हाई." मी व्हय म्हणालो होतो.

अन् मी विचारलं.

साहेबाच्या आधी एक पोरगी आली होती. दुधनी गावची. इथं दवाखान्यात नर्स. एजंटानं शिकवलं होतं, "मालक तुमी, पहिलं जात विचारायची." मी विचारली. पोरीनं चप्पल घातली, जिना उतरून गेली. मला त्यात काही वाटलं न्हाई. मालक झालो होतो ना.

साहेबानं मला हलकं लेखलं, ते मी सोसलं असतं. जन्मभर सोसलंय. पण त्या पोरीसमोर मी साहेबच होतो.

एजंटाचा पेन घेतला. फॉर्मवरच्या त्या रकान्यावर काट मारली.

"अवो, काय करताय?"

"माझ्या घराचा कागद हाय. मी करतोय."

आता खोली मीच दाखवतो. आधारकार्ड, दोन फोटो, कामाच्या ठिकाणचं पत्र एवढं मागतो. आधीची खोली का सोडली ते विचारतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला मीच जाणार. अन् फोनवरच पहिलं माझं नाव सांगतो, आडनावासकट. चार जणांनी फोन ठेवला.

त्या नर्स पोरीचा पत्ता लागला न्हाई. दवाखान्यात जाऊन आलो, काम सोडून गेली म्हणाले. तिची माफी मागायची राहिली. ती राहणारच.

जावई म्हणतो, "मामा, माझं नाव घाला, कशाला त्रास." चांगला हाय पोरगा. पण न्हाई. करारावर सही माझी होईल. न्हाईतर खोलीला कुलूप राहील.