आक्काचा दर

आक्काला कुणाची दया येत नसे, आणि हे ती स्वतःच मोठ्या ठसक्यात सांगायची. शिळफाट्याच्या नाक्यावर बिगारीच्या कामासाठी सकाळी उभ्या राहणाऱ्या आम्हा बायकांची ती पुढारी. तिला कुणी निवडलं नव्हतं, नेमलंही नव्हतं. ठेकेदाराचा टेंपो थांबला की ती पुढे व्हायची आणि कमरेवर हात ठेवून दिवसाचा दर सांगायची. त्याच्या खाली कुणी टेंपोत चढायचं नाही.

बारावीनंतर मी आईबरोबर तिथे जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर लगेच किमान वेतनाचा कायदा झाला, हे मी आक्काला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती खो-खो हसली. "म्हंजे कायदा माझ्याहून म्हातारा हाय की गं! इतक्या वर्षांत त्याला शिळफाटा नाय सापडला?" पुढे सगळ्या देशाला एकच किमान दर ठरणार अशी बातमी आली, तीही सांगितली. "ठरवू दे. दिल्लीत ते ठरवतात, मुंबईत हे ठरवतात, नाक्यावर मी ठरवते. मोडल्यावर शिक्षा होते, तोच दर खरा."

तिची शिक्षा साधी होती. खडीने भरलेलं घमेलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरचीला 'हात लाव गं' म्हणावंच लागतं. जी कमी दरात जाईल, तिला कुणी हात लावायचा नाही. माझा भाऊ तापाने फणफणला होता तेव्हा आई एकदा अशी गेली. दिवसभर तिला कुणी हात लावला नाही. ती मान धरून, रडत घरी आली. मागोमाग आक्काच औषध घेऊन दारात हजर. भावाच्या कपाळावर घड्या ठेवत बसली आणि जाताना आईला म्हणाली, "परत कमी दरात गेलीस तर परत असंच करीन." मला तिचा भयंकर राग आला, आणि तेव्हापासून ती मला फार आवडायलाही लागली.

मग आक्काचे गुडघे गेले. पूर्ण दरात म्हातारीला कोण नेणार? ती रोज यायची, दर सांगायची, आम्हाला टेंपोत बसवायची आणि लंगडत घरी जायची. आम्ही भाकरी पुढे केली तर म्हणायची, "फुकटचं नको गं. काम असंल तर सांगा."

एकदा सकाळी आक्का नाक्यावर दिसलीच नाही. कुंभिवलीला गोदामाच्या कामावर पोचलो तर ती आधीच खडीच्या ढिगाशी. अर्ध्या दरात आली होती. ठेकेदार दात काढत म्हणाला, "तुमची आक्काच अर्ध्यात आली. उद्यापासून तुमालापण अर्धाच."

आक्काने घमेलं भरलं आणि आईकडे पाहिलं. "हात लाव गं."

आईचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, स्वतःचं घमेलं माझ्या मदतीने डोक्यावर घेतलं आणि पुढे गेली. मागून एकेक करत आम्ही सगळ्याच गेलो.

आक्काने एकटीने उचलून पाहिलं. घमेलं छातीपर्यंत आलं आणि खडीसकट ती खाली बसली. "ऊठ म्हातारे, जा घरी," ठेकेदार ओरडला. तिला मजुरी मिळाली नाही. लुगडं झटकत ती आईजवळून गेली. "बराबर केलंस," म्हणाली. "असंच ठेव."

अर्ध्या दराची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. आक्काही पुन्हा नाक्यावर आली नाही. आता दर आई सांगते, तसेच कमरेवर हात ठेवून.

आक्का त्याच वर्षी गेली. बायका तिरडीला हात लावत नाहीत. आई पुढे झाली, मग आम्ही सगळ्या झालो. उचलताना काही जोर लावावाच लागला नाही. तिचं वजनच उरलं नव्हतं.