छत्रीवरचा गंज

मी पांढुर्णा सोडलं तेव्हा बाबा स्टेशनवर आले नाहीत. त्या दिवशी पोळा होता, दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची दरवर्षीची दगडफेक. आमचं घर जाम नदीजवळ. सावरगावकडून आलेला गोटा गच्चीवर पडू शकतो. म्हणून पोळ्याला टीव्हीची छत्री उतरवायची, हा आमच्या घरचा जास्तीचा सण. बाबांनी वरूनच पाना हलवून निरोप दिला. आई म्हणाली, "जाय बाई. इकडची फिकर नको करू."

आता मी बेंगळुरूत. इथे टीव्ही वायफायवर चालतो. छत्री लागत नाही, शेजारीही फारसे लागत नाहीत. मधल्या काळात पांढुर्णा जिल्हा झालं. फलक मोठे झाले, बाबांचे गुडघे मात्र तेच राहिले. ते शिडीवर चढतात याची मला धास्ती. यंदा मी हट्टच धरला, दोघंही इकडे राहायला या. बाबा म्हणाले, "यंदा छत्री नाही जमली, तर येतो." जन्मभर मास्तरकी केलेली, शब्द मोडत नाहीत. मी रिकाम्या खोलीत पलंग आणून ठेवला.

गुडघ्यांमुळे त्यांनी छत्री या वेळी उतरवलीच नाही, जागेवरच पोत्यात बांधली. गोटमार आटोपल्यावर पोतं सोडलं, तर पडद्यावर 'सिग्नल नाही'. गच्चीवरून व्हिडिओ कॉल आला. मी बॉक्स बंद-चालू करवला, वायर तपासायला लावली, तोंड आग्नेयेला आहे का विचारलं.

"आग्नेय काय सांगून राहिली मले? नागपूरकडेच हाय तोंड."

खालून आई ओरडली, "काईच नाई दिसून राह्यलं. अन् माहा दुधाचा लहान गंज कुठी नेला जी?"

बाबांनी फोन छत्रीकडे वळवला. गंज, म्हणजे आईचं दुधाचं पातेलं, तिथेच होता. छत्रीच्या दांडीवर सिग्नल पकडणारं जे छोटं यंत्र असतं, त्याला गोटा लागू नये म्हणून बाबांनी त्यावर स्टीलचा गंज उपडा घालून सुतळीने आवळला होता. पोतं काढलं, गंज विसरले. उन्हात तो छान चमकत होता.

मी गप्प बसले असते तर दोघं इथे आले असते. पलंगावर चादरही घातली होती. बाबा वाट पाहत उभे होते, वर्गात उत्तराची पाहायचे तसे.

"बाबा, गंज काढा."

"आलं," आई खालून म्हणाली. "आता घासून द्या तो."

"मंग बेंगळुरू राह्यलं," बाबा म्हणाले. खुशी लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही.

इथे कोणी घर विचारलं की मी पांढुर्णा सांगते. मग मध्य प्रदेशात मराठी कशी, हेही समजवावं लागतं. पलंगावर इस्त्रीचे कपडे असतात. पुढच्या पोळ्याची रजा मात्र आताच टाकली आहे. चढणार बाबाच, खाली शिडी धरायला घरचं कोणी हवं.