आत्याचे यजमान आणि अ‍ॅल्युमिनियमची कातडी

अ‍ॅल्युमिनियमइतकं गुणी आणि अ‍ॅल्युमिनियमइतकं बदनाम या जगात दुसरं काही नाही, असं मानणारा माणूस सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. फौजेच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं काढून ते पेन्शनीवर इस्लामपूरला परतले. भावकीतली बाकीची माणसं उसाच्या मागे असताना यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली, आत आम्लाची टाकी बसवली आणि सत्तरच्या दशकातल्या इस्लामपुरात अ‍ॅनोडायझिंग सुरू केलं. त्यांना आम्ही मामा म्हणत असू. धंदा काय करता, असं मामांना कुणी विचारू नये, कारण ते उत्तर देत. "अ‍ॅल्युमिनियमला कातडी आणतो," इथून सुरुवात होई. मग भांडं आम्लात टांगून वीज सोडली की त्याच्या अंगावर त्याचीच कातडी कशी वाढते, त्या कातडीला डोळ्यांना न दिसणारी भोकं कशी असतात, त्यांत रंग शिरला की उकळत्या पाण्यात ती कशी मिटवायची, हे सगळं समोरच्याचा चहा निवेपर्यंत चाले. ऐकणारा शेवटी "म्हंजे रंगच की!" म्हणाला, की मामांचा चेहरा पडायचा. "रंग वर बसतो गड्या, ह्यो आत ऱ्हातो," असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सांगत.

कातडीचे त्यांच्या लेखी तीन प्रकार. एक पातळ, करडी, विमानाच्या भागांना द्यायची. ती त्यांनी फौजेत केली होती आणि तिच्याबद्दल बोलताना ते नकळत ताठ बसत. दुसरी आपली नेहमीची, सोनेरी-लाल-निळी रंगणारी, ताटल्या आणि दारावरच्या पाट्यांसाठी. आणि तिसरी टणक. ती जाड, काळपट आणि दिसायला जळक्या भाकरीसारखी, पण लोखंडी खिळ्यालाही दाद न देणारी. माणसांचीही ते याच तीन प्रकारांत वाटणी करत. माझ्या वडिलांना त्यांनी पहिल्या प्रकारात घातलं होतं. मला दुसऱ्या प्रकारात टाकलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

खिशात रुमाल नसला तरी चालेल, पण टॉर्चचा एक सेल, दोन तारा आणि एक बारका बल्ब असायचाच. खरी कातडी वीज जाऊ देत नाही. तारा टेकवल्या आणि बल्ब पेटला, की तिथली कातडी गेली म्हणून समजायचं. ही तपासणी ते कुठेही करत. धाकट्या लेकीसाठी, शालनसाठी, पाटणला स्थळ बघायला गेलो तेव्हा पोहे सोनेरी ट्रेमधून आले. मामांनी बशा अलगद खाली ठेवल्या, तारा टेकवल्या आणि बल्ब लख्ख पेटला. "राखंनं घासता न्हवं?" त्यांनी मुलाच्या आईला विचारलं. बाई बिचाऱ्या गोंधळून म्हणाल्या, "आवं, मग कशानं घासायचं?" मी मान खाली घालून पोहे खाल्ले. लग्न तरीही जमलं, हा मुलाकडच्यांचा चांगुलपणा.

पण त्या बाईंनी जे विचारलं तेच मामांच्या घरातलं दुखणं होतं. भांडं म्हटलं की आत्याच्या हातात चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. कातडीला सगळं सोसतं, राखेचा खार सोसत नाही. मामांनी तिला सोनेरी ताटल्या दिल्या, लाल पेले दिले, निळा डबा दिला. महिन्या-दोन महिन्यांत सगळं पांढरंफटक. "बगा, गेला तुमचा रंग," ती म्हणायची. गावभर त्यांच्या हातच्या पाट्या दारोदार झळकत होत्या आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांचं एक भांडं टिकत नव्हतं. याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. हसण्यावारी नेत, पण वाटे.

शेवटी, शालनला स्थळं बघायच्या दोन वर्षं आधी, त्यांनी जाडीच्या जोरावर राखेलाही पुरून उरेल असा टणक प्रकार काढायचं ठरवलं. त्याला आम्ल बर्फासारखं गार लागतं. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होतो. मला बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणायचं फर्मान आलं. लाकडाच्या भुशात गुंडाळून पोत्यात भरलेला बर्फ मी एसटीच्या टपावर चढवला. आष्टा येईपर्यंत खिडकीतल्या एका पैलवानाचा पटका भिजला आणि त्यानं "वर शेरडं बांधल्यात का रं?" म्हणून कंडक्टरला धारेवर धरलं. निम्मा बर्फ पोचला. त्या निम्म्या बर्फात एक जाड बुडाचं पातेलं तयार झालं. आत्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, "जळलंय का?" एवढंच विचारलं आणि राखेत घातलं.

दोन वर्षं ती ते रोज घासत होती. दर रविवारी मामा तारा टेकवून मोठ्यानं सांगत, "आजबी पेटला न्हाई." आतून उत्तर येई, "मग काय गूळ वाटू?"

शालनचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी एकच मागणं केलं. रुखवतात आपल्या हातचं एक तरी भांडं मांडायचं. आत्या ठाम नाही म्हणाली. "लोकं काय म्हनतील? पोरीला जळकं भांडं दिलं?" मामा दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाहीत. लग्नाच्या दिवशी रुखवताभोवती बायका जमल्या, पितळ आणि स्टील झगमगत होतं, आणि मामा तिकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी तो सगळा वेळ आचाऱ्यापाशी काढला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पाठवणीची वेळ झाली. ट्रंक बांधायला मी आणि मामा दोरी घेऊन उभे होतो. इतक्यात आत्या आली, तिनं ट्रंक उघडायला लावली आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते काळं पातेलं शालनच्या साड्यांखाली नीट दाबून ठेवलं. विहीणबाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, ह्ये रुखवतात न्हाई मांडलं?"

"त्ये मांडायचं न्हाई," आत्या म्हणाली. "त्यात रोज कालवण करायचं हाय. पितळ बसंल फळीवर."

मामा म्हणाले, "अगं, सांगायचं हुतंस. म्या नवं करून दिलं असतं."

"नवं कशाला?" तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. "ह्ये म्या दोन वर्सं घासून बगितलंय."

मामांनी दोरीची गाठ मारायला घेतली, ती त्यांना काही केल्या जमेना. शेवटी मीच मारली. आता दोघंही नाहीत. त्या दिवशी वऱ्हाड गेल्यावर मामा मांडवात माझ्याशेजारी बराच वेळ बसून राहिले, आणि कातडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.