गाडीत बाहेरचं काही बसवलंय का?

गाडीची वायरिंग बघताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नंतर बाहेरचं काही बसवलंय का? हॉर्न, लाईट, स्पीकर? गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून नाही म्हणतं आणि मग सीटखालून अर्धं दुकान निघतं. म्हणून कोलशेतचा जगनशेठ नाही म्हणाला, तेव्हा मी त्याच्यासमोर सगळ्या सीटा काढल्या. काहीच निघालं नाही. तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

गाडी सात सीटची, चार वर्षांची. चालता चालता बंद पडायची आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायची. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला. अर्थिंगची वायर बदलली, रिले बदलला. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागायची, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. माझ्या शेडमध्ये आणली की मात्र एका चावीत चालू! दोन महिने मी गाडीला शिव्या घातल्या, जगनशेठवर डाफरलो आणि घरी भाजी अळणी म्हणून मालनसमोर ताट सरकवलं. मालन म्हणजे माझी बायको. तिने ताट उचललं आणि दोन दिवस अबोला धरला.

हौसेची गाडी असती तर मी केव्हाच हात जोडले असते. पण ती रंभाआजीसाठी पळायची. रंभाआजी जगनशेठची आई, पंच्याहत्तरीची. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिसला न्यायचं. परतताना तिला मागच्या सीटवर आडवंच व्हावं लागतं, त्यामुळे रिक्षाचं नावच नको. ही बाई उभा जन्म मिठागरात राबली. आपल्या टाचांच्या भेगांत अजून मीठ सापडेल, असं स्वतःच हसून सांगायची. आणि आता डॉक्टरांनी तिचं मीठच बंद केलं होतं.

मागच्या शुक्रवारी गाडी माजिवड्याच्या पुलावर बसली. आजी पोचेपर्यंत दीड तास गेला आणि चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत आटोपावं लागलं. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा ती ओटीवर बसली होती. पाय सुजून टम्म झाले होते.

"कमलेश, उंद्या गाडी थांबली तं तुझा तोंड बघनार नाय," जगनशेठ म्हणाला. मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण त्या पायांकडे बघवत नव्हतं.

मी स्टिअरिंगखाली उताणा पडलो, डोकं पार पेडलांपाशी घातलं आणि एकेक वायर हलवून बघू लागलो. तेवढ्यात ओठांवर थेंब पडला. पावसाचं पाणी गळत असेल म्हणून पुसायला गेलो, तर चव लागली. खारट! पावसाचं पाणी कधीपासून खारट झालं?

टॉर्च मारला. वायरींच्या गुंत्यात काळ्या दोऱ्याने बांधलेली काळ्या फडक्याची पुरचुंडी होती. याआधीही ती नजरेखालून गेली असणार, पण मी तिला टेप गुंडाळलेली वायर समजलो होतो. आत खडेमीठ. दमट हवेत त्याला पाणी सुटायचं आणि खाली वायरी जिथे जोडल्या होत्या तिथे थेंब थेंब पडायचं. तिथल्या पिना हिरव्या पडून कुजल्या होत्या.

मी पुरचुंडी नाचवत ओटीवर गेलो. "हे कुणी बांधलं? दोन महिने डोकं खाल्लं माझं! मिठागरातली माणसं तुम्ही, पावसात मीठ पाझरतं हे मी सांगायचं?"

जगनशेठही आईवर ओरडला, "आये, तुला कोनी सांगितलेला?"

आजी शांतपणे म्हणाली, "गाडी आली नि सा महिन्यांनी मी आजारी परली. कोनाची नजर लागली, मना नाय म्हायती. मी आज हाय, उंद्या नाय. पन गाडी माझा पोर चालवतंय. मीठ पाझरतंय ता मना ठावं हाय, म्हनून तं दर शनवारी बदलतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या ताटातला मीठ डाक्टरनी काढला. गाडीतला तू काढला. बरा झाला."

मला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

कुजलेला भाग कापून नवा जोडला. मग त्यांच्याच घरातून लोणच्याची रिकामी बरणी मागून घेतली, घट्ट झाकणाची. मीठ तिच्यात भरलं, झाकण आवळलं आणि बरणी डिकीत स्टेपनीशेजारी पक्की बसवली.

सोमवारी गाडी डायलिसिसला गेली आणि न थांबता परत आली. मी सकाळपासून तीनदा फोन केला होता, शेवटी त्यांच्या दारातच जाऊन उभा राहिलो. आजीने पडल्या पडल्याच विचारलं, "बरनी हाय ना?"

"आहे, आजी."

"मंग एक ऐक. ज्याच्या ताटान मीठ हाय, त्यानं येवरा वरडू नये."

घरी जेवायला बसलो. पहिल्याच घासाला माझा हात थांबला. मालनने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ताट जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

"कमी पडलं का मीठ?"

"कमी आहे," मी म्हणालो, "पण आहे." आणि ताट पुढे ओढून जेवायला लागलो.